तोंडातली वस्ती



रमजान सुरू व्हायला आठवडा राहिला होता. आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला दवाखान्यात आल्या. वय साठीच्या आसपास, मधुमेह बारा वर्षांपासून. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी आवाज बारीक करून विचारले, "बेटी, दात घासताना रक्त येतं. थुंकीबरोबर चुकून आत गेलं तर माझा रोजा राहतो का गं?"

मी म्हटले, "खाला, रोजाचा मसला मुफ्तीसाहेबांना विचारा. पण रक्त का येतं, ते मला विचारा."

हळूहळू सगळे बाहेर आले. मागच्या रमजानमध्ये रोजा तुटेल या धास्तीने त्यांनी ब्रश आणि मिसवाक दोन्ही बंद ठेवले होते. वुजूच्या वेळी कुल्ली होते, तेवढे पुरे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. रात्री हिरड्या ठणकू लागल्या की बोटावर मशेरी घ्यायची. मशेरी लावली की दुखणेही थांबायचे आणि रक्तही. ईद झाली, पण ब्रशची सवय परत लागली नाही. त्याच वर्षात शुगर वाढत गेली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ९.६ वर पोहोचली. त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या दोनदा वाढवल्या. पण "तोंड उघडा" असे त्यांना कोणी म्हटले नाही आणि खालांनीही कोणाला सांगितले नाही. दातांचे काय सांगायचे, असे त्यांना वाटले.

हिरडीतले रक्त आणि रक्तातली साखर यांच्यामध्ये दुवा आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा. आपल्या तोंडात त्यांची भली मोठी वस्ती आहे. या महिन्यात त्या वस्तीची ओळख करून घेऊ.

कापडाच्या व्यापाऱ्याने पाहिलेली दुनिया

ही वस्ती पहिल्यांदा पाहिली ती कोणा डॉक्टरने नव्हे, तर हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातल्या एका कापड व्यापाऱ्याने. त्याचे नाव अँटनी व्हॅन लेव्हेनहूक. काचेची बारीक भिंगे घासून स्वतःची सूक्ष्मदर्शके बनवण्याचा त्याला नाद होता. १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याच दातांमधला पांढरा मऊ थर भिंगाखाली पाहिल्याचे कळवले. त्या थरात असंख्य जीव सुळसुळत होते.

लक्षात घ्या, हा मनुष्य अस्वच्छ नव्हता. तो रोज सकाळी मिठाने दात घासायचा, काडीने फटी साफ करायचा, कापडाने दात पुसायचा. तरीही दातांच्या मधोमध तो थर होताच. मग त्याने व्हिनेगर, म्हणजे सिरका, वापरून पाहिला. थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले जिवंत राहिले. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजही प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे. दातांवरचा चिकट थर नुसत्या पाण्याने किंवा औषधी द्रवाने खळखळून जात नाही. तो घासूनच काढावा लागतो.

सगळेच दुश्मन नाहीत

माणसांच्या तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. त्यातल्या शंभर-दोनशे जाती एका माणसाच्या तोंडात सहज नांदतात. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० कोटी जिवाणू असतात. वाचून अंगावर काटा येईल, पण घाबरू नका. त्यातले बहुतेक आपले शेजारी आहेत, आणि चांगले शेजारी आहेत. त्यांनी जागा अडवून ठेवल्यामुळे बाहेरून आलेल्या उपद्रवी जंतूंना आणि बुरशीला पाय रोवता येत नाहीत. म्हणूनच एखाद्याने दीर्घकाळ अँटिबायोटिक घेतले की तोंडात कधीकधी पांढरी बुरशी उगवते. चांगले शेजारी उठून गेले की रिकाम्या घरात भलतेच लोक शिरतात.

आणखी एक उदाहरण पाहा. पालक, बीट, मुळा यांसारख्या भाज्यांमध्ये नायट्रेट असते. ते पोटातून रक्तात जाते आणि तिथून लाळेत परत येते. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. ते आपण गिळतो आणि शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, रक्तदाब खाली ठेवायला मदत करतो. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी माणसांनी आठवडाभर जंतुनाशक माउथवॉश वापरला तेव्हा त्यांचा रक्तदाब थोडासा वाढल्याचे प्रयोगात दिसले आहे, कारण जिभेवरचे ते कामकरी जिवाणू मेले होते. म्हणून जाहिरात पाहून रोज तिखट माउथवॉश वापरू नका. दंतवैद्याने सांगितला असेल तर सांगितले तितकेच दिवस वापरा.

अल्लाहने शरीरात ठेवलेली ही वस्ती पुसून टाकायची नाही, तिचा तोल राखायचा आहे.

दात किडतो तो कसा

तोल बिघडवणारी पहिली गोष्ट म्हणजे साखर. अमेरिकेतले दंतवैद्य विलोबी मिलर बर्लिनमध्ये काम करत होते. दाताला "कीड" म्हणजे अळी लागते, असे पूर्वी लोक मानत. मिलर यांनी १८९० साली ग्रंथ लिहून दाखवले की तोंडातले जिवाणू अन्नातले गोड आणि पिठूळ पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. पुढे १९२४ मध्ये लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून 'स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स' हा जिवाणू वेगळा केला. दात किडण्यातला तो एक मुख्य आरोपी.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थरात आम्ल वाढते आणि दातातले कॅल्शियम बाहेर पडू लागते. मग लाळ आपले काम करते. आम्ल शांत करते, हरवलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताला परत देते. याला अर्धा ते एक तास लागतो. लाळेला हा वेळ मिळाला तर दात वाचतो. दर अर्ध्या तासाने चहा, बिस्किट, चॉकलेट, सरबत चालू असेल तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणजे आपण किती गोड खातो यापेक्षा किती वेळा खातो, हे दातांसाठी जास्त महत्त्वाचे. ईदचा शीरखुर्मा जेवणासोबत खा आणि विषय संपवा. वाटी समोर ठेवून दिवसभर चमचा-चमचा खाऊ नका.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. त्यामुळे रात्री गोड खाऊन तसेच झोपणे म्हणजे पहारेकरी नसताना दार उघडे टाकणे आहे.

हिरडी आणि शुगर

आता खालांकडे येऊ. दातांच्या मुळाशी थर साचून राहिला की लाळेतले क्षार बसून तो दगडासारखा कडक होतो. हिरडी सुजते, दातापासून सुटते, आणि मध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात हवा पोहोचत नाही. हवेशिवाय जगणारे, हिरडीच्या रक्तावर पोसणारे जिवाणू तिथे वाढतात. त्यांच्यातला 'पोर्फिरोमोनास जिंजिव्हालिस' हा विशेष त्रासदायक. शरीर त्यांच्याशी लढते, आणि त्या लढाईत दाताला धरून ठेवणारे हाडच झिजते. दात हलू लागतो तेव्हा बऱ्याच वेळा दुखतसुद्धा नाही. म्हणून लोक उशिरा येतात.

सगळ्या दातांभोवतीची ही सुजलेली जागा एकत्र मांडली तर कित्येक चौरस सेंटीमीटरची उघडी जखम होते. अशी जखम हातावर असती, तर खाला दुसऱ्याच दिवशी पट्टी बांधायला आल्या असत्या. तोंडातली म्हणून वर्षभर तशीच राहिली.

या जखमेतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात जातात आणि इन्सुलिनचे काम अवघड करतात. साखर वाढते. वाढलेली साखर पांढऱ्या पेशींची ताकद कमी करते, जखम भरू देत नाही. मग हिरडी आणखी बिघडते. असे हे दोन्ही बाजूंनी फिरणारे चाक आहे. चांगली बातमी अशी की ते उलटेही फिरते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर मधुमेही रुग्णांची एचबीएवनसी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास खाली येते, असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसले आहे. हा आकडा लहान वाटेल. पण तो औषध न वाढवता मिळतो, आणि दात वाचतात ते वेगळेच.

हिरडीतले जिवाणू रक्तातून हृदयापर्यंतही पोहोचू शकतात. ज्यांची हृदयाची झडप कृत्रिम आहे, त्यांना यापासून गंभीर संसर्ग होऊ शकतो. अशा व्यक्तींनी दात काढण्यापूर्वी किंवा साफ करण्यापूर्वी झडपेबद्दल दंतवैद्याला आवर्जून सांगावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात, पण स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

मशेरीने थांबवलेले रक्त

आपल्या घरांत मशेरीचा विषय निघाला की बायका हसून टाळतात. "ती काय तंबाखू आहे? भाजलेली असते," असे म्हणतात. भगिनींनो, भाजली तरी तंबाखूच. तिच्यातले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून हिरडीतून रक्त यायचे कमी होते. रोग मात्र आत चालूच राहतो. घराला आग लागल्यावर धूर दिसू नये म्हणून खिडक्या लावून घ्याव्यात, तसा हा प्रकार. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. तंबाखू असलेली टूथपेस्ट आणि दंतमंजन यांवर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा कुठून गाठणार? तिथे घरच्यांनीच बोलले पाहिजे, आणि रागावून नव्हे तर मायेने. माझी स्वतःची अम्मी मशेरी लावायची. पन्नाशी उलटेपर्यंत तिच्या निम्म्या दाढा गेल्या होत्या. मी दंतवैद्य होईपर्यंत फार उशीर झाला होता. म्हणून या विषयावर मी जरा जास्तच बोलते, माफ करा.

मिसवाक, वुजू आणि रोजा

आपल्या नबी (स.) यांनी मिसवाकची किती ताकीद केली आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मिसवाक ही अराक, म्हणजे पिलूच्या झाडाची काडी. तिच्या तंतूंनी थर घासला जातो, आणि तिच्यातल्या काही द्रव्यांमध्ये जिवाणूंची वाढ रोखण्याचा गुण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ साली मिसवाकच्या वापराला पाठिंबा दिला. मात्र ती नीट वापरली पाहिजे. वाळलेली, जुनी काडी हिरडी ओरबाडते. टोक रोज कापून नवे करा, थोडे भिजवून मऊ करा, आणि आडवे जोरात न घासता हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवा. बहुतेक जण फक्त समोरचे, दिसणारे दात घासतात. मागच्या दाढा आणि दातांची आतली बाजू राहून जाते. माझे मत विचाराल तर सकाळी आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश, आणि वुजूच्या वेळी मिसवाक. दोन्हींचे भांडण लावायचे कारण नाही.

वुजूच्या कुल्लीने अन्नाचे कण निघतात, आम्ल पातळ होते. हा फायदा खराच आहे. पण लेव्हेनहूकचा सिरका आठवा. चिकटलेला थर कुल्लीने निघत नाही.

रोजात लाळ कमी होते. जिभेवरचे जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतात आणि तोंडाला वास येतो. रोजेदाराच्या तोंडाच्या वासाबद्दलची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे, त्यामुळे त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण सहरीनंतर दात न घासता झोपणे ही वेगळी गोष्ट आहे. ती रोजाची खूण नव्हे, आळसाची आहे. सहरी संपण्यापूर्वी पाच मिनिटे राखून ठेवा आणि ब्रश करा, जीभ साफ करा. इफ्तारनंतर आणि झोपण्यापूर्वी पुन्हा. दिवसा मिसवाक करण्याबाबत हनफी मस्लकात मोकळीक आहे. शाफई मस्लकात, म्हणजे आपल्या कोकणातल्या बहुतेक घरांत, दुपारनंतर ती मकरूह मानतात. ज्याने त्याने आपल्या उलमांना विचारून चालावे. रात्रीचे दोन ब्रश मात्र कोणत्याच मस्लकात अडत नाहीत.

बाळाच्या तोंडात पहिले पाहुणे

जन्मताना बाळाच्या तोंडात जवळजवळ काहीच वस्ती नसते. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत ती बसू लागते, आणि मुख्यतः आईकडून येते. दात किडवणारा म्युटन्स बहुतेक वेळा दात आल्यानंतर, आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या लाळेतून येतो. उष्टा चमचा, चाखून दिलेला घास, तोंडात धरून साफ केलेली चोखणी, या त्याच्या वाटा. म्हणून गरोदरपणातच आईने आपले किडलेले दात भरून घ्यावेत. बाळाच्या दातांची काळजी तिथून सुरू होते.

तहनीकबद्दल काही भगिनी विचारतात. ही प्रिय सुन्नत आहे, आणि मसला सांगणे माझे काम नाही. आरोग्याची बाजू एवढीच. खजूर चावून देणाऱ्या व्यक्तीच्या ओठावर जर आली असेल, खोकला किंवा क्षयरोग असेल, तंबाखूची सवय असेल, तर त्या व्यक्तीने ते काम दुसऱ्यावर सोपवावे. ओठांवरच्या त्या पुळ्यांचा विषाणू नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. आणि एक वर्षापर्यंत बाळाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित, पण घातक विषबाधा होते.

घरी करायच्या गोष्टी

- दिवसातून दोनदा, दोन मिनिटे मऊ ब्रशने घासा. रात्रीचा ब्रश चुकवू नका. घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच भरपूर पाण्याने चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहील.
- तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.
- रक्त आले म्हणून घासणे थांबवू नका. सुजलेली हिरडी स्वच्छ झाली की साधारण एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होते. नाही झाले, तर दाखवा.
- दातांची सफाई केल्याने दात हलतात, हा गैरसमज आहे. दगडासारखा थर निघाल्यावर आधीच सैल झालेला दात जाणवू लागतो, इतकेच.
- मधुमेह असेल तर डोळे आणि पाय तपासता, तसे वर्षातून एकदा तोंडही तपासून घ्या, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा.
- दात दुखला म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. दाताच्या आतली कीड गोळीने जात नाही, वस्तीतले चांगले शेजारी मात्र जातात.

खालांची सफाई आम्ही तीन बैठकांत केली, रोजे सुरू होण्याआधी दोन आणि तिसरी रमजानमध्ये इफ्तारनंतर. दोन दात वाचवता आले नाहीत. बाकीचे राहिले. सहरीचा ब्रश त्यांची नात आठवणीने करून घ्यायची. ईदनंतर दोन महिन्यांनी त्या तपासणीचा कागद घेऊन आल्या. एचबीएवनसी ८.७ होती. सगळे श्रेय हिरड्यांचे नाही. त्यांनी फजरनंतर चालायलाही सुरुवात केली होती आणि गोळ्याही वेळेवर घेत होत्या. पण वर्षभरात पहिल्यांदाच आकडा खाली आला होता.

"आणि मशेरी?" मी विचारले.

त्यांनी पदर तोंडावर घेतला. "डबी कपाटात आहे गं. आता फक्त वास घेते."

मी म्हटले, "खाला, पुढच्या वेळी डबी माझ्याकडे घेऊन या." त्या हसल्या. हसताना रक्त नव्हते. बघू, इन्शाअल्लाह.

अल्लाह आपणा सर्वांना सेहत आणि आफियत देवो. आमीन.